पांढऱ्या सकाळींआधीचा ससा

स्टोनी फोर्क, आर्कान्सॉ
९ ऑक्टोबर १९५१

प्रिय डॉईल,

हे चौथं पत्र. आधीची तीन तू न उघडताच चुलीत घातली असशील, पण डेट्रॉईटच्या त्या खोलीत चूल तरी आहे की नाही कोण जाणे. निदान तुझ्या आईची खुशाली कळावी म्हणून हे उघडशील, अशी आशा आहे. म्हणून आईंपासूनच सुरुवात करते.

आई बऱ्या आहेत. मोतीबिंदू वाढलाय. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना कळतं, पण जीभ शाबूत आहे. ती जाईपर्यंत मला कसली काळजी नाही. दिवसभर ओट्यावर बसून काळे अक्रोड सोलतात. मी कितीदा म्हटलं की राहू द्या, बोटं चिरतात. तर म्हणतात, "बोटं माझी, अक्रोड माझे, तुझं काय दुखतंय?" हात कोपरापर्यंत शाईत बुडवल्यासारखे काळे झालेत.

आणि ऐक, आज मी ससा मारला. मी! तुझ्या त्या छोट्या बावीस बोअरच्या रायफलने. पंधरा दिवस रोज कुंपणाकडे जात होते आणि रोज हात हलवत परत येत होते. आवाज झाला की आई ओट्यावरून ओरडायच्या, "काय गं, शिकार करतेस की सशांना सलामी देतेस?" आज मात्र कुंपणाच्या टोकाला फांद्यांच्या ढिगाशी एक बसलेला दिसला. मी रायफल उचलली, घोडा चढवला, नेम धरला, तरी पठ्ठ्या जागचा हलला नाही. डोळ्याच्या मागे नेमकी गोळी लागली. तू असतास तर टोपी काढली असतीस.

आईंनी ओट्यावरच सोलला. तुला माहीतच आहे त्यांची पद्धत, सुरी नाहीच. पाठीची कातडी चिमटीत धरायची आणि दोन्हीकडे ओढायची. दिसत नाही तरी दोन मिनिटं लागली नाहीत. मी मिठाच्या पाण्यात ठेवला, उकळी आणली, पिठात घोळवून डुकराच्या चरबीत तळला आणि वर दुधाची दाट ग्रेव्ही घातली. मक्याचा पाव केला. आईंनी मागच्या दोन्ही तंगड्या खाल्ल्या, हाडं चोखली आणि म्हणाल्या, "बरं झालंय." डॉईल, लग्नाला सहा वर्षं झाली. हे मी पहिल्यांदा ऐकलं.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. तीन पांढऱ्या सकाळी होऊन गेल्यात, दहिवर गोठून कुंपणापर्यंत सगळं पांढरं. यंदा थंडी लवकर पडली. त्याआधी ससा घरात आणायचा नाही, हा तुमच्या घरचा नियम मी मोडलेला नाही.

ऑगस्टमध्ये क्लेटसच्या दुकानासमोर मी जे बोलले, ते अख्ख्या गावाने ऐकलं. "ही म्हातारी मरेल तेव्हाच मला मोकळा श्वास घेता येईल." मला वाटतं ते वाक्य अजून त्या पायरीवर पडलेलं आहे, येणारा-जाणारा ओलांडून जातो. तुझंही उत्तर मला पाठ आहे. आईला काही झालं तर परत तुझं तोंड बघणार नाही, म्हणालास आणि तसाच निघालास. मी रागात बोलले होते. तूही रागातच बोलला असशील ना? निदान तेवढं तरी लिही.

तुझी
ओलेटा


१४ ऑक्टोबर

प्रिय डॉईल,

फार काही नाही, सहज लिहिते आहे. आईंना परवापासून जरा कणकण आहे. डोकं दुखतं, पाठ दुखते, अंगात हुडहुडी भरते. मी कोंबडीचं सूप करून दिलं, ते दोन चमचे घेतलं आणि बाजूला सारलं. टोमणा मारला नाही. तेवढंच जरा चमत्कारिक वाटलं.

ऋतू बदलतोय, गावात बऱ्याच जणांना सर्दी आहे. तू काळजी करू नकोस.

एक विचारायचं होतं. लहानपणी तुमच्या ओळखीत कुणी सशामुळे आजारी पडलेलं तुला आठवतं का? तो तीन पांढऱ्या सकाळींचा नियम कुठून आला? माझ्या माहेरी सपाटीवर असलं काही नव्हतं. आम्ही बायकांच्या गप्पा समजून हसायचो. उगाच मनात आलं, म्हणून विचारते. उत्तर दिलंस तर लवकर दे.

ओलेटा


१७ ऑक्टोबर

डॉईल,

आज सकाळी डॉक्टर प्रुइट येऊन गेले. क्लेटसच्या दुकानातल्या फोनवरून मीच बोलावलं. ताप एकशे चार. उजव्या काखेत लिंबाएवढी गाठ आली आहे, हात लावू देत नाहीत. डॉक्टरांनी आईंचे हात पाण्याने, मग रॉकेलने पुसले, तेव्हा अक्रोडाच्या काळ्या डागाखाली उजव्या अंगठ्यावर एक जखम सापडली. खोल, कडा उंच झालेली. किती दिवसांपासून होती देव जाणे. रोज माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला काळ्यात काळं दिसलं नाही.

मग त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि विचारलं, "यांनी इतक्यात ससा हाताळला होता का?"

आई आत ग्लानीत होत्या. दारात क्लेटसची बायको मर्टल उभी होती, डॉक्टरांना वाट दाखवायला आलेली. ऑगस्टमध्ये त्या पायरीवर तीही होती. मी म्हटलं, "नाही."

"नक्की?"

"आमच्याकडे पांढऱ्या सकाळी झाल्याशिवाय ससा घरात येत नाही. म्हाताऱ्यांचा नियम आहे."

डॉक्टर म्हणाले, "चांगला नियम आहे. रोगट ससे थंडीत आधीच मरून जातात." त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं आणि गेले. परवा येतो म्हणाले.

आज पहाटे जमीन पांढरी झाली होती. यंदाची पहिलीच. शेडच्या छपरावर, कुंपणाच्या तारेवर, सगळीकडे.

हे लिहून झाल्यावर मी परत वाचलं. तुझ्याही लक्षात आलं असेल. मी खोडणार होते, पण खोडत नाही. माझ्यात आज यापेक्षा जास्त धीर नाही.

ओलेटा


१९ ऑक्टोबर, सकाळ

डॉईल,

तार करायला हवी होती, कळतंय मला. पण तारेत काय लिहू? दहा शब्दांत बसेल असं काही माझ्याकडे नाही. म्हणून हे पत्र. मर्टल आत आईंच्या कपाळावर पट्ट्या ठेवते आहे. मी चुलीजवळ बसून लिहिते आहे. सरळ ओळीत सांगते, मध्ये थांबले तर पुन्हा सुरू होणार नाही.

नऊ तारखेला एकही पांढरी सकाळ झालेली नव्हती. साधी उबदार सकाळ होती, गवतावर माश्या घोंगावत होत्या. मी ससा मारला. तो हलला नाही म्हणून लिहिलं होतं ना? तो हलूच शकत नव्हता, डॉईल. मी तीस पावलांवरून चालत दहा पावलांवर गेले तरी तो बघत बसला. धडधाकट ससा असा बसत नाही. पंधरा दिवस मी पळणारे ससे बघत होते, मला तेवढं कळायला हवं होतं. कळलंही होतं. पण पंधरा दिवसांनी गोळी लागल्याचा आनंद इतका होता की मी ते कळणं बाजूला ठेवलं.

ओट्यावर आईंनी तो हातात घेतला, वजन केलं आणि विचारलं, "बाहेर पांढरं झालंय का?"

मी म्हटलं, "झालंय की. तीनदा."

त्यांनी अनवाणी पाय ओट्यावर टेकवले. मग सोलायला लागल्या. पोट उघडलं, आतलं सगळं काढून डाव्या हातावर माझ्यासमोर धरलं. तुला ठाऊक आहे, हे त्यांना आता एकटीने जमत नाही. सोलणं हातांनी होतं, पण कलेजी डोळ्यांनीच बघावी लागते. म्हणाल्या, "नीट बघ पोरी. खसखशीसारखे पांढरे दाणे आहेत का कलेजीवर?"

होते.

फार नव्हते. एका कडेला, पाच-सहा. मी बघितले. मग मी म्हटलं, "स्वच्छ आहे."

हे एक वाक्य लिहायला मला दहा दिवस लागले.

का म्हटलं, ते तू विचारशील. मी स्वतःला रोज विचारते. एक उत्तर असं आहे: आयुष्यात एकदा त्यांनी मला चांगलं म्हणावं असं वाटत होतं. दाणे आहेत म्हटलं असतं तर ससा खड्ड्यात गेला असता, आणि वर ऐकावं लागलं असतं, "मारलास तोही रोगटच!" मला वाटलं, कलेजी फेकून दिली, मांस खळखळून उकळलं, तर काय होणार आहे? कलेजी मी फेकलीच. मांस शिजून हाडांपासून सुटेपर्यंत शिजवलं. मीही खाल्लं, मला काही झालं नाही. खाणाऱ्याला होत नाही, ते मला आता कळलंय. ज्याचे हात चिरलेले असतात आणि जो कच्चं सोलतो, त्याला होतं. आणि आईंची बोटं अक्रोडांनी चिरलेली आहेत, हे मला माहीत होतं. मीच तुला लिहिलं होतं.

हे एक उत्तर झालं. दुसरं उत्तर आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि त्याचीच मला भीती वाटते. त्या क्षणी, "स्वच्छ आहे" म्हणताना, माझ्या मनाच्या तळाशी ऑगस्टमधलं ते वाक्य बसलेलं होतं का? मी शपथेवर नाही म्हणायला जाते आणि जीभ अडखळते. डॉईल, मी त्यांचा जीव घ्यायला निघाले नव्हते. पण तो वाचवायची एवढी घाई पण मला नव्हती, नाहीतर सहा दाणे बघून कुणी गप्प बसतं का?

रोज सकाळी उठले की मी आधी माझी बोटं बघते. एकेक नख, एकेक पेर. आणि काही नाही हे बघून मला बरं वाटतं. आतल्या खोलीत त्या कण्हत असतात आणि इथे मला बरं वाटत असतं. यापेक्षा वाईट मी तुला स्वतःबद्दल काही सांगू शकत नाही.

आता डॉक्टरांची मोटार वर चढतेय, आवाज येतोय. मी त्यांना सांगणार आहे. मर्टलसमोर. हे पत्र संपवून मग सांगेन असा विचार होता, पण पेनिसिलिनने दोन दिवसांत काहीएक फरक पडलेला नाही आणि


१९ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं.

डॉक्टरांनी मला बोल लावला नाही. त्यामुळे मी जास्त घाबरले. त्यांनी फक्त टोपी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "कधी सोलला?"

"नऊ तारखेला."

"आणि परवा मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"हो."

"बाई, हा सशाचा ताप आहे. याला पेनिसिलिन चालत नाही, दुसरं औषध लागतं. ते जिल्ह्याच्या गावाहून आणायला हवं. तुमच्या एका 'नाही'ने यांचे दोन दिवस गेले. या वयात दोन दिवस म्हणजे..." त्यांनी टोपी उचलली. तसेच मोटारीत बसले आणि औषध आणायला निघाले.

मर्टल दारात उभी होती. मला वाटलं आता ही धावत दुकानात जाईल आणि संध्याकाळपर्यंत माझ्या नावाने अख्खं खोरं थुंकेल. ती म्हणाली, "चूल पेटव. पाणी लागेल." मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "मी कुणाला सांगणार नाही असं म्हणत नाही. पण आज सांगणार नाही."

आत आई श्वास घेतात तेव्हा शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो. मी त्यांचा हात धरून बसले आहे. तो हात इतका गरम आहे की माझ्या तळव्याला घाम सुटलाय. त्या तुला हाक मारतात. मला मारत नाहीत. का मारावी?

मर्टल दुकानात जातेय, तिच्याबरोबर हे पत्र देते आहे. तू ये. मला बघू नकोस, पण त्यांना बघायला ये.

ओलेटा


२६ ऑक्टोबर

प्रिय डॉईल,

आई आहेत. हे पहिलं सांगते.

नवीन औषधाची इंजेक्शनं दिवसातून चार वेळा चालू आहेत, मर्टलची पुतणी नर्स आहे, ती देते. तिसऱ्या दिवसापर्यंत काही फरक नव्हता. त्या तीन दिवसांचं मी लिहीत नाही. चौथ्या दिवशी दुपारी ताप उतरला आणि आईंनी विचारलं, "या खोलीत कोण रडतंय? रडायचंच असेल तर ओट्यावर जा, माझी झोपमोड होते." मर्टल हसली. मी ओट्यावर गेले आणि रडले.

डॉक्टर म्हणतात धोका टळला असं अजून म्हणता येणार नाही, हृदय थकलंय. गाठ फुटून वाहते आहे. उजवा हात पहिल्यासारखा होईल की नाही सांगता येत नाही.

काल मी त्यांना सगळं सांगितलं. मर्टल अंगणात होती. मी पलंगाशी गुडघे टेकून बसले आणि म्हटलं, "आई, मी तुमच्याशी खोटं बोलले. तेव्हा बाहेर पांढरं झालं नव्हतं."

"माहितेय."

मला वाटलं तापात बोलतायत.

"आंधळी आहे मी, बथ्थड नाही. रोज सकाळी अनवाणी ओट्यावर जाते. पांढरं झालं की आधी तळव्यांना कळतं. तू तीनदा म्हणालीस, मला एकदाही कळलं नव्हतं."

"मग सोललात कशाला?"

त्यांनी डाव्या हाताने पांघरूण वर ओढलं. मग म्हणाल्या, "सहा वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी काहीतरी हौसेने आणलं होतंस. तुझा आवाज ऐकला मी. म्हटलं, या पोरीला आज नाही म्हणायचं नाही. उबदार दिवसांत सोललेले ससे मी पण खाल्लेत, प्रत्येक ससा रोगट नसतो. म्हटलं, कलेजी बघितली की झालं."

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"कलेजी मात्र तुझ्यावर सोडली होती, ओलेटा."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी म्हटलं, "दाणे होते." त्या म्हणाल्या, "ते मला अंगठ्याने सांगितलं." आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. मी तिथेच बसून राहिले. तासाभराने त्यांनी पाणी मागितलं. माझ्याकडेच मागितलं, मर्टलकडे नाही. मी त्यातून काय अर्थ काढायचा ते मला कळत नाही, आणि काढायची हिंमतही नाही.

आज दुपारी तुझं पत्र आलं. दोन ओळींचं. माझं सतरा तारखेचं पत्र तुला पोहोचलं होतं, एकोणीसचं त्यावेळी अजून वाटेत असावं. "पहिलीच पांढरी सकाळ, याचा अर्थ काय? खरं काय ते सांग, मग मी काय करायचं ते ठरवतो." मी आईंना ते वाचून दाखवलं. दाखवायला नको होतं. पण आता मी त्यांच्यासमोर कागद लपवायला घाबरते.

त्या उठून बसायला लागल्या. मी उशी लावली. म्हणाल्या, "कागद घे. मी सांगते तसं लिही."

मी घेतला.

"लिही. डॉईल, ससा मीच मागितला. पांढऱ्या सकाळी झाल्या नव्हत्या हे मला माहीत होतं, तरी मीच हट्ट धरला. कलेजीवर दाणे आहेत असं तिने मला सांगितलं होतं. मी म्हातारीने ऐकलं नाही. तिचा काही दोष नाही."

"आई, हे खरं नाही."

"मला कुठे शिकवतेस? खरं काय ते मला ठाऊक आहे." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं, ते ढकललं. "तो तुला सोडेल. बापासारखाच आहे तो, एकदा ठरवलं की ठरवलं. मग तू जाशील माहेरी. आणि मी? त्या कारखान्याच्या गावात त्याच्या एका खोलीत, आंधळी, एका हाताची? मला सकाळी ओट्यावर कोण नेणार? तुझ्यावर दया म्हणून नाही सांगत. माझी सोय बघतेय मी. लिही."

मला नाही वाटत त्या फक्त सोय बघत होत्या. पण त्यांचा शब्द मी बदलत नाही.

त्या डोळे मिटून वाट बघत बसल्या आणि मी हे पत्र लिहीत राहिले. टाकाचा आवाज त्यांना ऐकू येत होता. मध्येच म्हणाल्या, "एवढं लांब मी कुठे सांगितलं?" मी म्हटलं, "खुशाली लिहितेय." त्यावेळी मी तुला त्यांच्या तळव्यांबद्दल लिहीत होते.

एकोणीसचं पत्र वाटेत हरवलं असेल तर म्हणून पुन्हा लिहिते. नऊ तारखेला जमीन पांढरी नव्हती. कलेजीवर दाणे होते, मी ते बघितले आणि स्वच्छ आहे म्हटलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हटलं. आईंनी हट्ट धरला नव्हता. तुला आता जे ठरवायचं ते यावरून ठरव, आणि मी इथून जायला हवं असेल तर तसं लिही. मात्र आई चालत्या होईपर्यंत मी हलणार नाही, तू आलास तरी आणि हाकललंस तरी.

आता त्या मला वाचून दाखवायला सांगतायत. त्यांनी सांगितलेल्या ओळी मला पाठ आहेत. कागद समोर धरून मी त्या त्यांना सावकाश म्हणून दाखवल्या, एकही शब्द न चुकता. त्या मान हलवत ऐकत होत्या.

"तसंच लिहिलंस ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "तसंच लिहिलंय, आई."

ओलेटा